विश्लेषण : सिझेरियन झाले, पण पुढच्या सात दिवसांच्या देखभालीचे काय?

‘ऑपरेशन व्यवस्थित झाले, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत,’ असे डॉक्टरांनी सांगितले की नातेवाईक निर्धास्त होतात. मात्र सिझेरियननंतरचे अनेक धोके शस्त्रक्रियागृहाबाहेर, वॉर्डात आणि घरी गेल्यावर समोर येतात. कोल्हापूरसह राज्यात आता बहुतांश बाळंतपणे रुग्णालयातच होतात. त्यामुळे प्रश्न आहे तो तिथे मिळणाऱ्या देखभालीच्या दर्जाचा.

सिझेरियनचे प्रमाण किती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण १७.२ टक्के होते. महाराष्ट्रात ते २५.४ टक्के, म्हणजे दर चार बाळंतपणांमागे एक आहे. देशभरात खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के आहे. सिझेरियन गरजेचे होते की नव्हते, यावर वाद होतो. पण झालेल्या प्रत्येक सिझेरियननंतर त्या महिलेला पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेतून बरे व्हायचे असते आणि त्याच वेळी बाळाला पाजायचे असते. तिला एरवीपेक्षा जास्त मनुष्यबळाची गरज लागते, याचा विचार फारसा होत नाही.

शस्त्रक्रियेनंतर नेमका धोका कोणता?

पहिले २४ तास सर्वांत नाजूक. गर्भाशय नीट आकुंचन पावले नाही तर रक्तस्राव वाढतो. पोटाच्या आत रक्त साचत असेल तर ते बाहेर दिसत नाही. नाडी वाढते, रक्तदाब उतरतो आणि लघवी कमी होते. म्हणून ठरावीक अंतराने नाडी, रक्तदाब, रक्तस्राव, गर्भाशयाचा घट्टपणा आणि लघवीचे प्रमाण तपासून नोंदवणे हाच खरा उपाय. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, जागी असलेली आणि हाताशी वेळ असलेली परिचारिका लागते.

दुसरा धोका जंतुसंसर्गाचा. सिझेरियनमध्ये तो नैसर्गिक प्रसूतीपेक्षा बराच जास्त असतो आणि जखमेतील संसर्ग अनेकदा डिस्चार्जनंतर दिसतो. तिसरा धोका पायात रक्ताची गुठळी होण्याचा. बाळंतिणीला लवकर उठवून चालवतात ते यासाठी. पण वेदनाशामक औषध वेळेवर मिळाले नाही तर ती कूसही बदलू शकत नाही, मग चालणे दूरच. बाळाला छातीशी धरणेही अवघड जाते आणि स्तनपान लांबते. ‘थोडे दुखणारच’ म्हणून वेदनेकडे केलेले दुर्लक्ष असे आई आणि बाळ दोघांनाही महागात पडते.

बळ्ळारी आणि मेदिनीपूरमध्ये काय घडले?

नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातील बळ्ळारीच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात सिझेरियननंतर काही महिलांची प्रकृती अचानक बिघडली, मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. पाच मातांचा मृत्यू झाला. त्यांना दिलेल्या ‘रिंगर लॅक्टेट’ सलाईनच्या दर्जावर संशय आला. कर्नाटक सरकारने राज्याच्या औषध नियंत्रकांना निलंबित केले. जानेवारी २०२५ मध्ये पश्चिम बंगालमधील मेदिनीपूर वैद्यकीय महाविद्यालयात सिझेरियननंतर एका महिलेचा मृत्यू झाला आणि काही जणी गंभीर झाल्या. तिथे सलाईनसोबत दुसराही मुद्दा पुढे आला. वरिष्ठ डॉक्टर हजर नसताना शिकाऊ डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केल्याचे राज्य सरकारने सांगितले आणि १२ डॉक्टरांना निलंबित केले. औषधाचा दर्जा आणि वरिष्ठांची देखरेख या दोन्ही गोष्टी रुग्ण किंवा नातेवाईक तपासू शकत नाहीत. ती जबाबदारी यंत्रणेचीच.

सरकारी रुग्णालयात हक्क कोणते?

१ जून २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती आणि सिझेरियन पूर्णपणे मोफत आहे. औषधे, तपासण्या, रक्त, घरून रुग्णालयात आणि परत घरी नेणारी गाडी यांचाही त्यात समावेश आहे. नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंत मोफत आहार मिळायला हवा. बाहेरून औषधे आणायची चिठ्ठी हातात दिली जात असेल, तर ते या कार्यक्रमाच्या विरुद्ध आहे.

मग त्रुटी राहते कुठे?

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने ‘लक्ष्य’ कार्यक्रम सुरू केला. त्याचे प्रमाणपत्र मिळते ते प्रसूतिकक्ष आणि प्रसूती शस्त्रक्रियागृह या दोन जागांना. बाळंतीण त्यानंतरचे दिवस जिथे काढते, तो वॉर्ड सर्वसाधारण गुणवत्ता मानकांत येतो. त्याच्याकडे तेवढे लक्ष जात नाही. वॉर्डात रात्री एका सिस्टरवर अनेक खाटांची जबाबदारी असेल, तर कागदावरच्या नोंदी आणि प्रत्यक्ष तपासणी यांत अंतर पडते. मग उठवणे, शौचालयात नेणे, बाळाला पाजायला लावणे हे सारे आई किंवा सासूवर येते. आशेने पाहावे तर मावशीही दुसऱ्या वॉर्डात गेलेली असते.

दुसरी त्रुटी मोजण्यातली. माता मृत्यूची नोंद आणि चौकशी होते, जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरही आढावा घेतला जातो. महाराष्ट्राचा माता मृत्युदर २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता आणि राज्य केरळनंतर दुसरे होते. पण चिघळलेले टाके, पुन्हा करावी लागलेली शस्त्रक्रिया, महिनाभराचा ताप यांची गणना या आकड्यात नाही. जे मोजले जात नाही, त्याची बैठकीत चर्चाही होत नाही.

कोल्हापुरात वेगळे काय?

शहरातील छत्रपती प्रमिलाराजे अर्थात सीपीआर रुग्णालय हे राजर्षी शाहू शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. जिल्ह्यातील बारा तालुक्यांबरोबरच कोकण आणि सीमाभागातूनही तिथे रुग्ण येतात. चंदगड किंवा शाहूवाडीच्या आतल्या गावातून आलेल्या बाळंतिणीला टाके दाखवायला परत येणे म्हणजे अख्खा दिवस आणि एका माणसाचा रोजगार. म्हणून डिस्चार्जच्या वेळीच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा ग्रामीण रुग्णालयाला माहिती जाणे गरजेचे आहे.

त्यातच पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. गरोदरपणाची नोंद सासरच्या उपकेंद्रात आणि बाळंतीण माहेरी, असे झाले की कोणत्या आशाताईंनी भेट द्यायची हा प्रश्न उरतो. नियमानुसार सिझेरियन झालेल्या मातेच्या घरी ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशांची भेट व्हायला हवी. माहेरचा पत्ता आणि फोन डिस्चार्जआधीच नोंदवून घेतला, तर यातली बरीच गळती थांबेल.

तक्रार कुठे करायची?

आधी वॉर्डच्या प्रमुख परिचारिका आणि वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. आरोग्य विभागाचा १०४ हा टोल फ्री क्रमांक आहे. खासगी रुग्णालयांना २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावे लागते. उपचारांची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवीत. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते. मात्र सर्वच रुग्णांवर मोफत उपचार होणाऱ्या रुग्णालयांना हा कायदा लागू नाही. तिथे दिवाणी दाव्याचा मार्ग उरतो.

तो मार्ग किती लांबचा, हे एका खटल्याने दाखवले आहे. १९६३ मध्ये औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात बाळंतपणानंतर नसबंदी झालेल्या महिलेला ताप आणि पोटदुखी सुरू झाली. पोटात कापड राहून गेले होते. तिचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरले ते १९९६ मध्ये, ३३ वर्षांनी.

कोणती लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे?

तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, ताप-थंडी, दुर्गंधीयुक्त स्राव, टाक्यांतून पू किंवा पाणी, एकाच पायाला सूज व दुखणे, धाप, तीव्र डोकेदुखी, अंधारी, झटके, लघवी न होणे यापैकी काहीही दिसले तर सव्वा महिना संपायची वाट पाहू नये. गाडीसाठी १०८ किंवा १०२ क्रमांक आहे. ही यादी मराठीत, मोठ्या अक्षरांत प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर छापायला वेगळा निधी लागणार नाही. वॉर्डातल्या रात्रपाळीला पुरेशा परिचारिका द्यायला मात्र लागेल, आणि खरी कसोटी तिथेच आहे.