आरोग्यविचार : कंप आणि ताल

घरांतील वडीलधाऱ्यांचा हात कांपूं लागला, पाऊल उंबरठ्याशीं अडूं लागलें, कीं आपण काळजीपोटीं त्यांस खुर्चीवर बसवून ठेवितों. त्यानें अंग अधिकच आंखडतें. जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं वर्णिलेल्या या विकारांत मेंदूंतील डोपामीन हें द्रव्य घटतें व चालण्याची लय बिघडते; मात्र बाहेरून ताल मिळाल्यास अडलेलें पाऊल पुष्कळदां उचललें जातें. ब्रुकलिन येथील मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनें २००१ सालीं अशा रुग्णांसाठीं नृत्यवर्ग सुरू केला. पुण्यांत हृषीकेश पवार यांनींही असे वर्ग चालविले आहेत. नृत्यानें रोग बरा होत नाहीं, औषधही सुटत नाहीं. पण तोल व उमेद यांस आधार मिळतो. तेव्हां डॉक्टरांच्या सल्ल्यानें, हाताशीं माणूस ठेवून, सायंकाळीं घरांत टाळ वाजवा आणि आजोबांस उभें राहूं द्या. लोक काय म्हणतील, हा विचार उंबरठ्याबाहेर ठेवा.