उदबत्ती, फोडणी आणि एक पांढरी डबी

मागच्या महिन्यात चार दिवस बंगळूरला मावसबहिणीकडं राहून आले. ताईचं घर हेब्बाळला, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला तो सर्वांना ठाऊक असलेला उड्डाणपूल. २००८ साली देवनहळ्ळीला नवा विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून गावातून तिकडं जाणारी बहुतेक वाहनं याच पुलाच्या वाटेनं धावतात. त्यात गेली काही वर्षं मेट्रोच्या कामाची भर. "सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं बघ," असं ताई नेहमी म्हणते.

या खेपेला त्या टेबलावर एक पांढरी डबी दिसली. मुठीएवढी, वर हिरवा दिवा आणि एक आकडा. "मावशी, ही आपल्या घरातली हवा मोजते आणि बाबांच्या फोनवर कळवते," नऊ वर्षांच्या भाच्यानं मोठ्या ऐटीत सांगितलं. त्याला दमा आहे. धूर आणि धूळ यांपासून जपा, असं डॉक्टरांनी बजावल्यामुळं भावोजींनी ही डबी मागवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या सासूबाईंनी पूजा केली, उदबत्ती लावली. पाच-सात मिनिटांत डबीचा दिवा लाल! भावोजींचा फोन वाजला. त्यांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, "आई, आजपासून उदबत्ती बंद. पोराच्या छातीचा प्रश्न आहे."

आजी काही बोलल्या नाहीत. नाश्त्याला मात्र त्या सगळ्यांबरोबर बसल्या नाहीत. मागाहून ओट्यापाशी मला हळूच म्हणाल्या, "नातवाचं वाईट व्हावं असं मला वाटेल का ग?"

वाचकहो, अशा डब्या आता पुण्या-मुंबईच्या घरांतही दिसू लागल्या आहेत. ती घरात येण्याआधी ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घेतलेलं बरं. नाहीतर हवा शुद्ध व्हायची राहते बाजूला आणि घरातलं वातावरण मात्र बिघडतं!

डबीच्या आत एक चिमुकला पंखा असतो. तो हवा आत ओढतो, तिच्यावर लेसरचा किरण पडतो आणि कणांवर आपटून विखुरलेल्या उजेडावरून धूलिकण किती, याचा अंदाज बांधला जातो. हेच ते पी. एम. २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. यावरून कल्पना करा. नाकातल्या केसांना न जुमानता हे कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. चोवीस तासांची सरासरी एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असं आपल्या देशाचं २००९ सालचं मानक सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली. ही मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीची आहे, हे लक्षात ठेवा. पाच मिनिटं दिवा लाल झाला म्हणून घाबरून जायचं कारण नाही.

मी भावोजींना म्हटलं, "चार दिवस काहीच बंद करू नका. नुसतं लिहून ठेवू." कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर मी आणि भाच्यानं तक्ता आखला: वेळ, आकडा आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं.

तिसऱ्या दिवसापर्यंत तक्ता बोलू लागला. उदबत्तीनं आकडा चढत होता हे खरंच. पण खिडकी उघडी असली, तर अर्ध्या तासात उतरतही होता. ताईच्या मिरचीच्या फोडणीनं तो उदबत्तीच्याही वर गेला. ओट्यावर चिमणी होती, पण तिचं धुराडं बाहेर काढलेलंच नव्हतं. अशी चिमणी हवा गाळून पुन्हा घरातच सोडते. वास थोडा कमी होतो इतकंच! आणि सगळ्यांत मोठा आकडा होता रात्री साडेदहाचा, मुलाच्या खोलीतला. तलाव जवळ म्हणून डास फार. त्यामुळं खिडक्या घट्ट बंद आणि कोपऱ्यात डासांची कॉइल! पोरगा रात्रभर त्याच खोलीत झोपत होता आणि कॉइल रोज लावत होते स्वतः भावोजी.

एक कॉइल पूर्ण जळली, की तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आलं होतं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं २०१६ मध्ये फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हाही सर्वांत जास्त कण सोडणारी ठरली ती मुलांच्या हाती आपण निर्धास्तपणे देतो ती नागगोळी. आवाज नाही, म्हणजे अपाय नाही, असं आपण धरून चालतो.

भावोजींनी तक्ता दोनदा वाचला. त्याच संध्याकाळी मच्छरदाणी आली, खिडक्यांना जाळी लावायला माणूस ठरला. आजींपाशी जाऊन ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पण रात्री आजी सगळ्यांबरोबर जेवायला बसल्या.

इथंच गोष्ट संपली असती. पण चौथ्या दिवशी आजी म्हणाल्या, "या डबीला एक विचारायचं राहिलं. थंडीत आंघोळ करून आले की माझं डोकं का ग दुखतं? एकदा तर भोवळच आली होती." आम्ही बाथरूममध्ये गेलो. आत गॅसचा गीझर, छोटी खिडकी पुठ्ठा लावून बंद केलेली. डबी तिथं नेली, तर दिवा हिरवागार!

माझ्या पोटात गोळा आला. कारण ती डबी कण मोजते, कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. बंद बाथरूममध्ये गीझरच्या ज्योतीला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही, की हा वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, भोवळ येते, आणि दार आतून बंद असेल तर पुढचं सांगायला नको. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतोच. त्या दिवशीच गीझर बंद झाला, पुठ्ठा निघाला आणि आजींना डॉक्टरांकडं नेलं. सुदैवानं सारं ठीक होतं.

तेव्हा डबी घेणार असाल, तर एवढं ध्यानात ठेवा. ती शेगडीजवळ किंवा खिडकीत ठेवू नका. बसल्यावर आपलं नाक जिथं येतं, त्या उंचीवर ठेवा. कुकरची वाफ आणि पावसाळी दमट हवा तिला फसवते, तेव्हा एकाच आकड्यावर विसंबू नका. कार्बन डायऑक्साइड मोजणारी डबी असेल तर ती एन. डी. आय. आर. पद्धतीची आहे ना, ते विचारा. काही स्वस्त डब्या इतर वायूंवरून नुसता अंदाज बांधतात. तो आकडा हजाराच्या फार वर गेला, तर खोलीतली हवा कोंदली आहे असं समजा. ही हजाराची खूण म्युनिकच्या पेटनकोफर यांनी १८५८ सालीच सांगून ठेवली होती!

खिडक्या केव्हा उघडायच्या? रस्ता वाहता असेल तर सकाळ-संध्याकाळच्या गर्दीची वेळ टाळून दुपारी. बाहेरच्या हवेचा आकडा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर मिळतो. कर्नाटकच्या मंडळाचं एक केंद्र हेब्बाळलाही आहे. पण तुमच्या ओट्यावर काय शिजतंय, ते त्याला कसं कळणार?

आणि गॅसचा गीझर असेल, तर तो बाथरूमच्या बाहेर बसवा, धूर बाहेर सोडणारं नळकांडं लावून घ्या. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा. कार्बन मोनॉक्साइडची धोक्याची घंटा वेगळी मिळते, ती लावा.

परवा ताईचा फोन आला होता. आजी आता एकच उदबत्ती लावतात, तीही गॅलरीचं दार उघडून. दार उघडायचं काम भावोजींकडं आहे.