सावित्रीचा पूल आणि सिलिकॉनची चकती

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या स्मरणातून कधीही पुसली जाणार नाही. मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल त्या रात्री पुरात वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या एस.टी.च्या दोन गाड्या उतारूंसह नदीच्या पात्रात गडप झाल्या. पुढे जे उघड झाले ते अधिकच बोचणारे होते. याच पुलाची तपासणी त्याच वर्षीच्या मे महिन्यात झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य असल्याचा निर्वाळा सरकारी यंत्रणेने दिला होता. कागदावर पूल भक्कम होता. नदीने मात्र तो कागद मानला नाही.

या दुर्घटनेचा संगणकाच्या चिपशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. पुलाला गेलेला तडा निदान डोळ्यांना दिसू शकतो. नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीतील दोष दिसत नाही. महाडच्या बाजारपेठेतील पेढीचा हिशेब, पोलादपूरच्या रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र, बँकेतील ठेव, रुग्णालयातील तपासणी, हे सारे आज त्या चकतीच्या भरवशावर चालते. तिच्या दर्जाचा निर्वाळा कोण देतो? ती बनविणारी कंपनीच. परीक्षार्थी आणि परीक्षक एकच असतील, तर निकाल काय लागणार हे सांगण्यास ज्योतिषी नको.

इंटेल या अमेरिकी कंपनीने १९९३ साली ‘पेंटियम’ बाजारात आणला. त्याच्या निर्मितीत अग्रभागी असलेले विनोद धाम हे पुण्यात जन्मलेले भारतीय अभियंते. म्हणून त्या नावाचे आपल्याकडेही मोठे कौतुक झाले. परंतु १९९४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना आपल्या आकडेमोडीत विसंगती आढळली. त्यांनी महिनोन्‌महिने पडताळा घेतला आणि दोष पेंटियमचाच असल्याचे सिद्ध केले. भागाकारासाठी चिपमध्ये साठविलेल्या कोष्टकातील १,०६६ नोंदींपैकी पाच गळाल्या होत्या. शाळकरी मुलाने पाढे पाठ करताना पाच ओळी वगळाव्यात, तसा हा प्रकार. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले असता उत्तर १.३३३८२ यावयास हवे, पेंटियम १.३३३७३ असे सांगत होता. वहीपेन्सिल घेऊन बसलेला माध्यमिक शाळेचा विद्यार्थीही ही चूक पकडू शकेल.

कंपनीला हा दोष त्याच उन्हाळ्यात समजलेला होता. तरीही तिने ग्राहकांना कळविले नाही. बभ्रा झाल्यावर तिने सांगितले की सामान्य माणसाला असे चुकीचे उत्तर २७,००० वर्षांतून एकदाच मिळेल. ज्याला चिप बदलून हवी असेल, त्याने आपल्याला तिची गरज असल्याचे आधी पटवून द्यावे! म्हणजे सदोष माल विकणाऱ्याने खुलासा करावयाचा नाही. पुरावा द्यावयाचा तो फसलेल्या ग्राहकाने. अखेर १२ डिसेंबर १९९४ रोजी आय.बी.एम.ने पेंटियमचे संगणक पाठविणे थांबविले, तेव्हा कोठे आठवड्याभरात इंटेल नमली आणि विनाअट चिप बदलून देण्याची घोषणा झाली. त्यापोटी तिला ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भार सोसावा लागला.

आय.बी.एम.ची ही सत्यनिष्ठा निरपेक्ष होती असेही समजण्याचे कारण नाही. मोटोरोला आणि ॲपल यांच्या साथीने ती स्वतः ‘पॉवर पीसी’ ही प्रतिस्पर्धी चिप पुढे आणत होती. २७,००० वर्षांचा तो अवधी तिच्या गणिताने थेट २४ दिवसांवर आला. एकच दोष आणि दोन कंपन्यांची दोन गणिते! स्पर्धेतून सत्य आपोआप बाहेर येते, असे मुक्त बाजारपेठेचे भाट सांगतात. बाहेर येते ते स्पर्धकाच्या सोयीचे तेवढेच सत्य.

इंटेलवर बोट दाखविणाऱ्या ए.एम.डी.चीही पाळी आली. २००७ साली तिच्या नव्या प्रोसेसरांत स्मृतीच्या पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या भागात दोष निघाला. त्यावरचा तात्पुरता उपाय असा की संगणकच मंद व्हावा. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोष जगजाहीर झाले. मेल्टडाउनची झळ प्रामुख्याने इंटेलला, तर स्पेक्टरची झळ इंटेल, ए.एम.डी. आणि ए.आर.एम. या तिन्ही घराण्यांच्या रचनांना बसली. वेग वाढविण्यासाठी पुढच्या सूचनांचे काम आगाऊ उरकून ठेवण्याची जी क्लृप्ती वर्षानुवर्षे मिरविली गेली, तिच्यातूनच गुपिते पाझरत होती. इंटेलला हे जून २०१७ मध्येच कळविण्यात आले होते. पण अमेरिकी सरकारच्या संगणक सुरक्षा यंत्रणेलाही बातमी फुटेपर्यंत तिने कल्पना दिली नाही. जी कंपनी स्वतःच्या सरकारला विश्वासात घेत नाही, ती भारतातील ग्राहकाला घेईल?

२०२४ साली पुन्हा तेच. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बंद पडू लागले, तेव्हा प्रथम मदरबोर्ड उत्पादकांच्या जुळणीकडे बोट दाखविले गेले. जुलैमध्ये मात्र मान्य करावे लागले की चिपमधील अंतर्गत सूचनाच गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होत्या. हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविण्यात आली. पण ज्या चिपची आधीच हानी झाली, ती कोणत्याही दुरुस्तीने बरी होणार नव्हती. याच जुलैत ए.एम.डी.ने आपल्या नव्या चिपचा पहिला माल अपेक्षित दर्जाचा नाही म्हणून बाजारातून मागे घेतला आणि विक्री पुढे ढकलली. हा प्रामाणिकपणा नोंदविलाच पाहिजे. अपवाद म्हणून तो उठून दिसतो, यातच सारे आले.

हा इतिहास समोर असताना आपल्या देशातील एक बुद्धिवादी वर्ग मात्र ‘विदेशी ते दर्जेदार’ ही गुलामगिरीतून आलेली श्रद्धा सोडावयास तयार नाही. ‘ज्यांना रस्त्यावरचे खड्डे बुजविता येत नाहीत, ते चिप काय बनविणार?’ असा छद्मी प्रश्न हा वर्ग विचारतो. सावित्रीच्या पुलाने आपली मान खाली घातली, हे खरे. परंतु त्याच नदीवर वर्षाच्या आत, ५ जून २०१७ रोजी, नवा पूल वाहतुकीस खुला झाला, हेही तितकेच खरे. नालायकी रक्तात नसते. उत्तरदायित्व असेल तेथे हाच समाज उभा करून दाखवितो, नसेल तेथे गाडून घेतो.

परावलंबनाची किंमतही देशाने मोजली आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक नाकारला. त्यावर डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम’ साकारला. मात्र त्या महासंगणकाच्या पोटातील चिप ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीची होती, हे विसरून चालणार नाही. मोहालीतील सरकारी सेमिकंडक्टर कारखाना १९८९ च्या आगीत भस्मसात झाला आणि त्या घावातून सावरण्याची निकड तत्कालीन राज्यकर्त्यांना भासली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ७६,००० कोटी रुपयांची सेमिकंडक्टर योजना मंजूर केली, ही त्या मानाने फार उशिरा आलेली जाग होय.

आता प्रश्न आहे तो स्वकीयांना. भारतात बनलेली प्रत्येक वस्तू केवळ भारतीय आहे म्हणून उत्तम, असे स्वदेशीचा कोणताही सच्चा कार्यकर्ता म्हणणार नाही. स्वदेशी हा निकृष्टतेचा परवाना नव्हे. इस्रो आणि मोहाली यांनी मिळून घडविलेला ‘विक्रम ३२०१’ हा प्रोसेसर २ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हाती देण्यात आला. पण त्याआधी तो पी.एस.एल.व्ही.-सी ६० मोहिमेत प्रत्यक्ष अवकाशात पारखला गेला होता. आधी कसोटी, मग सोहळा. हा क्रम उलटा झाला की सावित्रीचा पूल होतो.

सरकारने मनावर घेतले तर हे घडू शकते. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या करणारी अधिसूचना एप्रिल २०२४ मध्ये निघाली आणि वर्षभराने ती लागूही झाली. चिपच्या बाबतीतही शासकीय खरेदीपूर्वी स्वतंत्र प्रयोगशाळेत परीक्षा, दोष आढळताच ठरावीक मुदतीत भारतीय भाषांतून जाहीर सूचना, विनाअट बदली आणि लपवाछपवीला जबर दंड, या चार गोष्टी कायद्याने आल्या पाहिजेत. आणि त्या इंटेलला जितक्या, तितक्याच धोलेरा वा साणंदच्या कारखान्यांना लागू हव्यात. आपल्या माणसाच्या चुकीवर पांघरूण घालणे म्हणजे राष्ट्रभक्ती नव्हे.

महाडकरांना हे वेगळे सांगावयास नको. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकर व्यापाऱ्यांच्या हेतूंविषयी सावधगिरीचा इशारा आहे, तसाच गडावरील दारूगोळा ठरावीक दिवसांनी बाहेर काढून, ऊन देऊन पुन्हा मोहोरबंद करण्याचा हवालदाराला दिलेला दंडकही आहे. परक्यावर नजर आणि स्वतःच्या कोठाराची नित्य तपासणी, या दोन्ही गोष्टी स्वराज्याने एकत्रच शिकविल्या. तालुक्याच्या उशाशी असलेल्या रायगडावर तो गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी जगदीश्वराच्या पायरीवर आपले नाव कोरून ठेवले आहे. नाव कोरणे म्हणजे बांधकामाची जबाबदारी शिरावर घेणे. भारतात घडणाऱ्या प्रत्येक चिपवर असेच नाव असावे आणि ते घेण्यास निर्माता कचरू नये, एवढा दर्जा ज्या दिवशी येईल, तो स्वदेशीच्या विजयाचा दिवस.