तुमच्या कुत्र्याची लस हा तुमचा खाजगी प्रश्न नाही

‘लशींचा भडिमार थांबवा’ अशी ओरड कुत्री पाळणाऱ्या सुखवस्तू वर्गात ऐकू येते. दरवर्षी टोचून कुत्र्याची तब्येत बिघडते, डॉक्टर आणि कंपन्या गब्बर होतात आणि सरकार रेबीजच्या लशीची सक्ती करून त्यांचीच तुंबडी भरतं, असा हा युक्तिवाद. तो मुख्यतः अमेरिकेत घडला. तेवढ्यानं तो खोटा ठरत नाही.

त्यातलं खरं आधी मान्य करू. डिस्टेंपर, पार्व्हो यांच्या लशी प्रौढ कुत्र्याला तीन वर्षांच्या आत पुन्हा देण्याची गरज नाही, असं पशुवैद्यकांची जागतिक संघटनाच सांगते. रेबीजच्याही काही लशींना तीन वर्षांची मान्यता आहे. अशी लस दिलेली असताना नियमात ‘दरवर्षी’ लिहिलंय म्हणून पुन्हा सुई मारणं ही कारकुनी झाली, विज्ञान नव्हे. आजारी कुत्र्याला पशुवैद्याच्या दाखल्यावर सूट अमेरिकेतली अनेक राज्यं देतात. आपल्याकडेही द्यावी.

पण मागणी इथे थांबत नाही. पुढचं वाक्य येतं, ‘सक्तीच नको, एकदा टोचलं की पुरे.’ रेबीजची लस पाच-सात वर्षं टिकते हे दाखवण्यासाठी अमेरिकेत देणग्यांवर एक अभ्यास झाला, ‘रेबीज चॅलेंज फंड’ नावाचा. 2020 साली निष्कर्ष आले. सात वर्षांच्या सुमारास विषाणू टोचल्यावर लस घेतलेल्या कुत्र्यांपैकी निम्मीच जगली. कुत्री थोडी होती हे खरं, पण लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही अशा रोगात निम्म्यावर जुगार कोण खेळणार?

आणि जुगार कुणाच्या जिवावर? मालक म्हणतो, धोका मी पत्करतो. चावा मात्र घेतला जातो घरकामाला येणाऱ्या बाईला, वॉचमनला, लिफ्टमधल्या डिलिव्हरीवाल्या पोराला. मग त्याच दिवसापासून इंजेक्शनं, चार-पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीला बुडालेला रोज. जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिन लागतं. ते गावच्या आरोग्य केंद्रात नसेल तर जिल्ह्याची वाट धरावी लागते. कुत्र्याच्या शरीराची एवढी काळजी करणाऱ्यांच्या चर्चेत हे शरीर कुठेच नसतं. (त्यांच्या पत्रकात ‘नोकर’ हा शब्दसुद्धा सापडायचा नाही.)

अमेरिकेनं कुत्र्यांमधला रेबीज 2007 साली संपल्याचं जाहीर केलं. संपला तो लस आणि परवाना यांच्या सक्तीनंच. आज तिथे वर्षाला मोजकी माणसं रेबीजनं दगावतात, तीही बहुतेक वटवाघळांमुळे. सक्तीनं मिळालेल्या सुरक्षिततेत बसून सक्तीला शिव्या देणं त्यांना परवडतं. भारतात जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज वर्षाला 18 ते 20 हजार मृत्यूंचा आहे, अलीकडचा भारतीय अभ्यास सुमारे 5,700 म्हणतो. कमी आकडा धरला तरी रोज पंधरा माणसं होतात, आणि त्यांत मोठा वाटा लहान मुलांचा.

हे टाळता येतं, हे गोव्यानं दाखवलंय. 2013 पासून तिथे पाळीव आणि भटक्या, दोन्ही कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस दिली गेली, शाळांतून मुलांना शिकवलं गेलं. कुत्र्यांची कत्तल करावी लागली नाही. साधारण 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, हा साधा हिशेब. त्यातून ‘माझं कुत्रं वगळा’ म्हणणारा बाकीच्यांच्या लशीवर फुकट जगतो.

आता सरकारकडे वळू, कारण अर्धा गुन्हा तिथला आहे. वस्तीतही लोक कुत्री पाळतात, आणि हातावर पोट असलेल्या माणसावर फीचा भुर्दंड टाकून सक्ती करणं म्हणजे दंडाचा धंदा. सक्ती हवी तर लस मोफत हवी आणि ती वस्तीत यायला हवी. सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य आहे, हे संविधानाच्या अनुच्छेद 47 मध्ये लिहिलेलं आहे. पाळीव कुत्रं चावलं तर उपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी मालकानं द्यावी, हाही नियम व्हायला हवा.

28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्याआधी आपल्या कार्यकर्त्यांनी वॉर्ड ऑफिसात अर्ज टाकावा आणि तीन गोष्टी लेखी मागाव्यात: परवाना असलेली कुत्री किती, त्यांतली लस घेतलेली किती, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात आज इम्युनोग्लोब्युलिन आहे की नाही.