यीस्टमधले ‘ड’ जीवनसत्त्व आणि मुलांच्या ताटातले अंडे

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ड-३ जीवनसत्त्वाच्या गोळीचा उगम बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीत असतो. लोकर धुताना लॅनोलिन नावाची चरबी निघते. तिच्यातून कोलेस्टेरॉल मिळवतात, त्याचे ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल करतात आणि त्यावर अतिनील किरणे सोडली की ड-३ तयार होते. आपल्या त्वचेत उन्हामुळे घडते तेच इथे कारखान्यात घडवले जाते. आता हे काम यीस्टकडून करून घेण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत. बहुजन समाजाने या संशोधनाकडे कसे पाहावे, हा आजचा प्रश्न आहे.

आधी विज्ञान समजून घेऊ. यीस्ट मुळातच अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ बनवते. त्यावर अतिनील किरणे पडली की ड-२ मिळते. ही गोष्ट १९२० च्या दशकापासून माहीत आहे. पण आपले शरीर स्वतः बनवते ते ड-३, आणि रक्तातली पातळी टिकवण्यासाठी तेच अधिक उपयोगी ठरते. म्हणून शास्त्रज्ञांनी यीस्टची वाटच बदलली. अर्गोस्टेरॉलकडे नेणारी दोन जनुके बंद केली आणि बाहेरून एक जनुक आत घातले. मग यीस्ट ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल साठवू लागते. चीनमधील तिआनजिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अशा यीस्टपासून लिटरमागे सुमारे १ ग्रॅम एवढे उत्पादन मिळवल्याचे प्रसिद्ध केले. त्यांनी वेगवेगळ्या प्राण्यांची जनुके तपासली आणि त्यातून निवडले ते कोंबडीचे! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा का आहे? केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वयोगटातील १४ टक्के, ५ ते ९ वयोगटातील १८ टक्के आणि १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुलांमध्ये ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. भरपूर ऊन असलेल्या देशातली ही स्थिती आहे. ऊन फुकट असले तरी ते सर्वांना सारखे मिळत नाही. दाटीच्या वस्तीतली अंधारी खोली, दिवसभर चार भिंतींआडचे काम, मुलींवरची बंधने, शहरातली धूळ आणि धूर या सगळ्यांतून ते अंगापर्यंत पोहोचायचे असते. तपासणी आणि गोळ्या ज्यांना परवडतात त्यांचे भागते. बाकीच्यांच्या मुलांची हाडे कमकुवत राहतात.

म्हणूनच स्वस्त आणि मुबलक ‘ड’ जीवनसत्त्वाचे स्वागत करायला हवे. ‘जनुक बदलले’ म्हणून घाबरण्याचे कारण नाही, आणि ‘नवे आहे’ म्हणून भुलण्याचेही नाही. ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा कुणाचा अधिकार यावर न विसंबता स्वतः पारखून घ्या, ही कालाम सुत्ताची शिकवण इथेही लागू पडते.

खरी लढाई प्रयोगशाळेबाहेर आहे. यीस्टमधून आलेले जीवनसत्त्व ‘शुद्ध शाकाहारी’ म्हणून विकले जाईल आणि हिरव्या ठिपक्याचा बाजार त्याला डोक्यावर घेईल. त्याच वेळी महाराष्ट्रात काय चालले आहे? नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला. अंडी द्यायची तर शाळांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असे सांगितले. गरीब वस्तीतल्या शाळेने हा लोकसहभाग आणायचा कुठून?

इथे प्रामाणिक राहू. एका अंड्यात ‘ड’ जीवनसत्त्व साधारण १ मायक्रोग्रॅमच असते आणि मुलांची रोजची गरज १५ मायक्रोग्रॅम आहे. केवळ अंड्याने ही कमतरता भरून निघणार नाही. दूध आणि तेलात जीवनसत्त्व मिसळणे गरजेचेच आहे. पण अंड्यातून उत्तम प्रथिने, बी-१२ आणि कोलीनही मिळतात. ते सगळे ‘ड’ जीवनसत्त्वाच्या थेंबातून मिळणार नाही. त्यामुळे ‘आता यीस्टचे जीवनसत्त्व आहे, अंडे कशाला?’ असा युक्तिवाद उद्या झाला तर तो खोडून काढावा लागेल. कोंबडीचे जनुक घातलेल्या यीस्टचे जीवनसत्त्व चालते, मग कोंबडीचे अंडे गरिबाच्या मुलाच्या ताटात का खुपते, हा प्रश्न विचारावाच लागेल. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी हिंसेची इच्छा आणि हिंसेची गरज यांत भेद केला आहे. अहिंसेच्या नावाखाली दुसऱ्याच्या मुलाची उपासमार लादणे त्या धम्मात बसत नाही.

दुसरा प्रश्न मालकीचा आहे. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये जनुक बदललेल्या यीस्टपासूनच हिपॅटायटिस-बी ची भारतीय लस बाजारात आणली आणि महागड्या आयात लशींची मक्तेदारी मोडली. पुढे ही लस सरकारी लसीकरणात आली, म्हणून ती गरिबाच्या बाळापर्यंत पोहोचली. तंत्रज्ञान देशात असणे आणि सरकारने ते सर्वांपर्यंत नेणे, या दोन्ही गोष्टी जुळल्या तेव्हाच हे घडले. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये बायो-ई-३ हे जैवतंत्रज्ञान धोरण मंजूर केले आहे. त्यात पैसा येईल, कारखाने येतील. त्या प्रयोगशाळांत आणि निर्णयाच्या टेबलावर आपली मुले-मुली असतील का?

त्यासाठी दोन कामे आपल्या हातात आहेत. पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीत बसून पोषण आहाराचा हिशेब मागावा आणि अंड्यांचा निधी परत सुरू करण्याचा ठराव करून घ्यावा. आणि विज्ञान शाखेतल्या आपल्या विद्यार्थ्यांना सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि त्यासाठीच्या शिष्यवृत्त्या यांची माहिती विहाराविहारांतून मिळावी. यीस्टला कोणते जनुक द्यायचे हे शास्त्रज्ञ ठरवतील. त्याचे फळ कुणाच्या ताटात पडणार, हे मात्र संघटित समाजच ठरवू शकतो.