वादळाला जात नसते, निवाऱ्याला असते

वादळ जात बघत नाही, असं म्हणणारांची एक जात असते. ती आधी बघून घ्या.

दर वादळानंतर हे वाक्य ऐकू येतं. अग्रलेखात येतं, भाषणात येतं, मदतीच्या ट्रकवर बांधलेल्या फडक्यावर येतं. निसर्गापुढं सगळे समान! वा रे वा. ज्या देशात विहिरीपुढं सगळे समान नाहीत, देवळापुढं नाहीत, मसणवट्यातसुद्धा नाहीत, तिथं समुद्रापुढं मात्र एकदम समान? बरं, तर मग बघूच. छाती बडवून नको. हिशेबानं बघू.

२९ ऑक्टोबर १९९९. ओरिसाचा किनारा, म्हणजे आजचा ओडिशा. पारादीप बंदराजवळ महाचक्रीवादळ जमिनीवर चढलं. वारं ताशी २६० किलोमीटर. समुद्र पाच-सहा मीटर उंच उठला आणि जगतसिंगपूर जिल्ह्यातल्या एरसमा भागात कैक किलोमीटर आत घुसला. नंतर वादळ पुढं सरकेचना. एका जागी बसून ते पाऊस ओतत राहिलं. मेलेल्यांचा सरकारी आकडा दहा हजाराच्या आसपास, आणि त्यातले आठ हजारांवर एकट्या जगतसिंगपूरचे.

सवर्ण मेले नाहीत? मेले. खंडायत मेले, बामणही मेले. आम्हाला त्याचा आनंद नाही. माणूस मेला की माणूस मेला, एवढं बाबासाहेबांनी आणि बुद्धानं आम्हाला शिकवलंय. पण प्रश्न असा आहे की पाणी आलं तेव्हा कोण कुठं होतं? गच्चीवर कोण होतं आणि गवताच्या छपराखाली कोण होतं? उंचवट्यावर कोण होतं आणि खाजणाच्या काठावर कोण होतं?

पाण्याला जात कळत नाही, कबूल. पण पाण्याला उतार कळतो. आणि उतारावर कुणाला बसवायचं हे ह्या देशात समुद्र ठरवत नाही, गाव ठरवतो. आपल्याकडं महारवाडा, मांगवाडा. तिकडं वेगवेगळी साही. बाउरींची साही, हाडींची साही. नाव बदलतं, जागा बदलत नाही. गावकुसाबाहेर, सखल, ओढ्याच्या तोंडाशी. हजार वर्षांपूर्वी गावानं तुमच्या मरणाची जागा आखून ठेवली. वादळ फक्त त्या पत्त्यावर येतं.

हे एकट्या ओडिशाचं नाही. त्याआधी बावीस वर्षं, १९ नोव्हेंबर १९७७ ला आंध्रच्या कृष्णा जिल्ह्यात दिवीसीमेवर समुद्र असाच चढला. सरकारनं दहा हजारांच्या आसपास मेले म्हणून सांगितलं. भातकापणीचे दिवस. कापणीला आलेला भूमिहीन मजूर शेताच्या कडेला खोपटात झोपलेला. तो कुठल्या गावच्या यादीत? इथल्या यादीत नाही, कारण तो इथला नाही. आणि त्याच्या गावात त्याची वाट बघणारं माणूसही बरोबरच आलेलं आणि बरोबरच गेलेलं. ज्याचं नाव जिवंतपणी सातबाऱ्यावर नाही, त्याचं नाव मेल्यावर यादीवर कुठून येणार? मोजदाद हीसुद्धा एक मालमत्ता आहे, मित्रांनो. ती ज्याच्याकडं असते त्याच्याकडंच असते.

आता दुसरं वाक्य ऐका. देवाची करणी. निसर्गाचा कोप. पूर्वसंचित. हे म्हणणारे लोक टाळ कुटणारेच असतात असं नाही. सुटाबुटातले अधिकारीही हेच म्हणतात, फक्त इंग्रजीत.

ह्याला बाबासाहेबांनी त्याच किनाऱ्याच्या अंगणात उत्तर दिलेलं आहे. ८ नोव्हेंबर १९४५. कटक. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना ओरिसाच्या नद्यांवर भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. महानदीच्या पुरानं पिढ्यान् पिढ्या लोक बुडत होते आणि एकामागून एक समित्या पाणी कसं घालवून द्यायचं एवढंच बोलत होत्या. बाबासाहेब म्हणाले ते थोडक्यात असं: जास्त पाणी हा शाप आहे ही कल्पनाच चुकीची. पाण्याच्या अतिरेकानं नव्हे, पाण्याच्या अभावानं माणूस जास्त भोगतो. ते साठवा, त्याच्यावर वीज करा, शेती करा, नावा चालवा. म्हणजे कोपाची भाषा नाही, नशिबाची भाषा नाही. माणसानं बुद्धी वापरायची आणि राज्यानं पैसा घालायचा, ही भाषा. आपल्यातल्या किती पोरांना हे माहीत आहे? आपण त्यांना निळ्या कोटात पुतळा करून उभं केलं, हातात पुस्तक दिलं आणि पुस्तक उघडायचं विसरलो.

आणि ते खरं ठरलं की नाही, बघा. १९९९ नंतर ओडिशा सरकार हललं. आपत्तीसाठी वेगळं खातं उभं केलं, किनाऱ्याला पक्के निवारे बांधले, माणसं हलवायची तालीम सुरू केली. १२ ऑक्टोबर २०१३ ला गोपाळपूरजवळ फायलिन आलं. तेही भयंकर. पण आधीच दहा लाखांच्या आसपास माणसं हलवली होती. मेलेल्यांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. कुठं दहा हजार आणि कुठं पन्नास! समुद्र तोच, किनारा तोच. मग १९९९ ची माणसं देवानं मारली काय? देव दर चौदा वर्षांनी मवाळ होतो काय? ती माणसं न बांधलेल्या निवाऱ्यांनी मारली. हे मरण फुकाचं होतं, टाळता येणारं होतं. ह्यापुढं कुणी कोपबीप म्हणाला की त्याच्यापुढं हे दोन आकडे टाका.

इथपर्यंत सरकारला शाबासकी द्यायला आमची हरकत नाही. पण निवारा बांधला की त्याला दार येतं. दार आलं की दारात कोण उभं आहे ते आलं.

३ मे २०१९. फनी वादळ पुरीजवळ आलं. सरकारनं बारा लाख माणसं हलवली, साऱ्या जगानं कौतुक केलं, आणि ते कौतुक खरं होतं. त्याच पुरी जिल्ह्यातून बातमी छापून आली की दलित कुटुंबांना निवाऱ्यात थारा दिला नाही. बाहेर वारं झाडं उपटतंय आणि आत कुणाला तरी सोवळं आठवतंय. मरणाच्या दारातही विटाळ! काँक्रीट सरकारचं, सिमेंट सरकारचं, पैसा तुमच्या-माझ्या करातला. पण किल्ली गावची. आणि गाव म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत तोंडावर सांगितलेलं आहे.

सवर्णांच्याच दारात हे होतं असंही समजू नका. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आठवा. ते वादळ नव्हतं, पण लाट लाटच. तमिळनाडूत नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त मेले ते मासेमारी करणारे. फाटके, कष्टकरी लोक. पण छावणीत त्यांनीच दलितांना बाजूला ठेवलं, पाण्याच्या टाकीला हात लावू दिला नाही, अशा तक्रारी नोंदल्या गेल्या. ज्याचं घर गेलं, होडी गेली, लेकरं गेली, त्याच्याजवळ उरली फक्त जात. आणि ती त्यानं घट्ट धरून ठेवली. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणाले ती हीच. प्रत्येकाच्या पायाखाली अजून एक पायरी. उतरंड बुडत नाही, पाण्यावर तरंगते.

आणि त्या किनाऱ्यावर प्रेतं सडायला लागली तेव्हा? तेव्हा मात्र आमची आठवण झाली. ठिकठिकाणच्या नगरपालिकांतून सफाई कामगार आणले. बहुतेक सगळे दलित. कैकांच्या हातात मोजे नाहीत, पायात बूट नाहीत. उघड्या हातानं त्यांनी फुगलेली माणसं उचलली. जिवंत असताना जो आमच्या सावलीला भीत होता, तो मेल्यावर आमच्या खांद्यावर! १९२७ साली महाडच्या परिषदेनं सांगितलं होतं की सवर्णांनी आपली मेलेली जनावरं आपण ओढावीत. आज जनावरांच्या जागी माणसं आली, आणि ओढणारे तेच राहिले. ह्याला काय सेवा म्हणायचं? सेवा सगळे करतात तेव्हा ती सेवा. एकाच जातीनं करायची असते तेव्हा ती महारकी.

आता पैशाचं बोलू. इथं तर सगळं छापील आहे, सरकारी कागदावर आहे.

फनी आलं तेव्हा केंद्राच्या मदतीचे दर असे होते: सपाटीवरचं पक्कं किंवा कच्चं घर पूर्ण पडलं तर ९५,१०० रुपये. आणि झोपडी? झोपडी गेली तर ४,१०० रुपये. पुढं २०२२ पासून दर वाढले, घराला १,२०,००० आणि झोपडीला ८,०००. झोपडी म्हणजे काय हेही कागदात लिहिलंय: कच्च्या घराहूनही हलकी, गवत, माती, प्लास्टिकचा कागद असली. म्हणजे ज्याच्याकडं थोडं होतं त्याला घरभर. ज्याच्याकडं काहीच नव्हतं त्याला मूठभर. आणि तुझं ते घर की झोपडी, हे कोण ठरवणार? पंचनाम्याला आलेला माणूस. तो चहा कुणाच्या ओट्यावर पितो? झालं. त्याच्या पेनाच्या एका फटकाऱ्यात नव्वद हजारांच्या वर फरक आहे. वादळ एका रात्रीत जातं, पेन मात्र राहतं.

पिकाचंही तसंच. भरपाई हेक्टरावर. ज्याच्या नावावर जमीन त्याचं नुकसान. त्या जमिनीत जो वाकून कापणी करणार होता, ज्याचे पुढचे चार महिने त्या कापणीवर जायचे होते, त्याचं बुडलेलं कोणत्या रकान्यात लिहायचं? ३ जून २०२० ला आपल्याच रायगडात निसर्ग वादळानं नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. मालकाला भरपाई मिळाली, मिळायलाच पाहिजे होती. पण पोफळ परत उभी राहायला वर्षं लागतात. तेवढी वर्षं त्या वाडीत राबणाऱ्यानं काय खायचं, हे कोणत्या पंचनाम्यानं विचारलं?

कुणी म्हणेल, हे चुकून होतं. चुकून नाही. किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. गावंच्या गावं मातीला मिळाली. आता गाव नव्यानं वसवायचं. कोरी पाटी. बाबासाहेबांच्या महाराष्ट्राला ह्याहून मोठी संधी कुठली? सरकारनं घरं वाटली ती जमिनीच्या मापानं. भूमिहीनाला आणि हेक्टरच्या आतल्याला २५० चौरस फूट, त्याच्यावर ४००, सात हेक्टरांच्या वर ७५०. भूकंपानं जे सपाट केलं ते सरकारनं परत चढउताराचं केलं.

म्हणून मला राग सवर्णांचा येतो त्याहून जास्त आपला येतो. वादळ आलं की आपले पुढारी काय करतात? मुख्यमंत्र्याला चेक देतात आणि फोटो काढतात. आपली पोरं काय करतात? जुने कपडे गोळा करतात. गल्लीत चादर धरून फिरतात. चांगली गोष्ट आहे, माणुसकीची आहे. पण ट्रक जातो तो गावच्या चावडीवर, देवळाच्या पटांगणात उतरतो आणि तिथंच रिकामा होतो. वस्ती आत दोन किलोमीटरवर असते. आपण दिलेलं धान्य आपल्याच माणसाला उरलेलं म्हणून मिळतं. आणि कुणी विचारलं तर आपल्यातलाच एखादा शहाणा म्हणतो, आत्ता जात काढू नका, संकटाची वेळ आहे. अरे, संकटाच्या वेळेला त्यांनी जात घरी ठेवली होती का? मग आपणच तोंड का शिवायचं?

जुने कपडे नंतर. आधी वही घ्या.

वादळ यायच्या आधी वही घ्या. वस्तीत घरं किती, माणसं किती, बाहेरगावचे मजूर किती, लिहून ठेवा. गेल्यावर मोजणारा आपला असला पाहिजे. निवारा कुठं आहे, वस्तीपासून किती लांब, वाट कुणाच्या अंगणातून जाते आणि किल्ली कुणाच्या कनवटीला, हे लिहा. किल्ली वस्तीतही असली पाहिजे ही मागणी कलेक्टरपुढं लेखी द्या, पोच घ्या. पंचनाम्याला आलेल्याच्या मागं उभं राहा. झोपडी लिहिली तर का लिहिली ते विचारा. मजुरीच्या बुडालेल्या दिवसांचा रकाना मागा. प्रेतं उचलायला मोजे, बूट आणि मजुरी मागा, आणि त्या यादीत सगळ्या जातींची नावं मागा. निवाऱ्याच्या दारात कुणी अडवलं तर ती बातमी नाही, तो ॲट्रॉसिटीचा गुन्हा आहे. १९८९ चा कायदा आपल्यासाठीच आहे. फिर्याद लिहा.

समुद्र आता जास्त तापतोय. वादळं झपाट्यानं जोर धरतायत, अरबी समुद्रातसुद्धा. तारीख कळत नाही, पण येणार हे नक्की. हवामान खातं वाऱ्याचा वेग सांगेल, लाटेची उंची सांगेल. दारात कोण उभा असेल ते सांगणार नाही. ते आपल्याला आधीच माहीत आहे.

त्या दारात वादळाच्या आधी पोचायचं आहे.

जय भीम.