हक्क व्यक्तीचा की नात्याचा?

'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजनेला २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० संस्था आणि १.८ कोटी वाचक. चर्चा झाली ती पैशांची. मला अशा व्यवस्थेमागच्या तक्त्यांविषयी लिहायचे आहे.

प्रत्येक वाचकापुढे प्रत्येक नियतकालिकाची परवानगी नोंदवायची म्हटले, तर २३,४०० कोटी ओळी होतात. वाचकाच्या नोंदीत 'संस्था' हा एकच रकाना ठेवावा, तर भिलाईच्या आयआयटीतील विद्यार्थिनी सहा महिने दुसऱ्या प्रयोगशाळेत गेली, की एक नाते पुसावे लागते. त्याच रकान्यात स्वल्पविराम देऊन दोन नावे कोंबली, तर कोणते नाते केव्हा संपले, हे नोंदवायला जागाच उरत नाही.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात याचे उत्तर आहे. अनेकांचे अनेकांशी नाते असेल, तर त्या नात्यालाच स्वतंत्र तक्ता द्यावा. वाचक, संस्था, भूमिका, आरंभ, अखेर: एका नात्याची एक ओळ. संस्था आणि प्रकाशक यांचा दुसरा जोडतक्ता. नियतकालिकाचा प्रकाशक सहसा एकच असतो. तिथे जोडतक्ता नको. ओळींची बेरीज त्या मानाने फारच कमी राहते.

या रचनेत वाचनाचा हक्क व्यक्तीला नव्हे, नात्याला मिळतो. नाते संपताच तो आपोआप थांबतो. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. त्याची झळ मात्र मी सोसली आहे. पीएचडी आणि पुढील नेमणूक यांमधल्या काही महिन्यांत माझ्या नावाची एकही ओळ नव्हती. शोधनिबंध अर्धवट, आणि संदर्भासाठी मित्रांपुढे हात पसरणे नशिबी आले.

मग हक्क थेट व्यक्तीलाच द्यावा, असे काहीजण म्हणतील. मला ते मान्य नाही. असे अपवाद साचत जातात आणि त्यांचा हिशेब कोणीच ठेवत नाही. त्यापेक्षा 'माजी संशोधक' ही भूमिका एक वर्षाच्या मुदतीसह द्यावी. सार्वजनिक ग्रंथालयालाही संस्था मानावे. पहिल्या टप्प्यात शासकीय संस्थांचाच समावेश आहे. खासगी महाविद्यालयातील विद्यार्थ्यासाठीही तक्त्यांची रचना बदलावी लागणार नाही, फक्त ओळी वाढतील. प्रकाशकांशी करार आणि निधी हे प्रश्न आहेतच. पण ते धोरणाचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे तंत्राच्या अडचणीआड लपवू नयेत.